रिकाम्या सेकंदांची बाजू

इलेक्ट्रॉनिक्सच्या बहुतेक कारखान्यांत लाइनचा एक आलेख ठरलेला असतो. खाली स्टेशनांची नावे, प्रत्येक स्टेशनला एक उभा खांब आणि वरून एक आडवी रेघ. रेघ म्हणजे टॅक्ट : गिऱ्हाइकाला हवे तेवढे नग वेळेत द्यायचे तर एका नगाच्या वाट्याला येणारा वेळ. खांब म्हणजे त्या स्टेशनवर प्रत्यक्षात लागणारा वेळ. सगळे खांब एका उंचीचे आणि रेघेला जवळजवळ टेकलेले असले की लाइन ‘बॅलन्स’ झाली असे मानतात. एखादा खांब बुटका दिसला की तिथे सेकंद फुकट जात आहेत असे समजून शेजारचे थोडे काम त्याच्यावर ढकलतात.

ही समजूत उथळ आहे आणि महागही पडते. काम सारखे वाटणे हा लाइन बॅलन्सिंगचा सर्वांत सोपा भाग आहे. स्टॉपवॉच आणि एक्सेल असले की कोणीही तो करू शकतो. खरा निर्णय असतो तो सवड कुठे ठेवायची याचा. सवड शून्यावर आणता येत नाही. आपण ती ठरवून ठेवली नाही, तर ती आपली जागा स्वतः शोधते : दोन स्टेशनांमध्ये साठलेल्या ट्रेमध्ये, रीवर्कच्या टेबलावर, शिफ्टनंतरच्या ओव्हरटाइममध्ये, नाही तर ऑपरेटरच्या दुखऱ्या मनगटात. म्हणून चांगली बॅलन्स केलेली लाइन ही मुद्दाम थोडी असमान असते, आणि ती असमानता कुठे आहे हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असते.

हे पायरीपायरीने मांडतो. उदाहरण एकच घेऊ : सिंगल फेज वीज मीटर. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण ते चाकणच्या किंवा वेरण्याच्या लाइन लीडरला परके वाटू नयेत. आठ तासांच्या शिफ्टमधून जेवणाचा अर्धा तास आणि चहाच्या दहा-दहा मिनिटांच्या दोन सुट्ट्या वजा केल्या की ४३० मिनिटे उरतात, म्हणजे २५,८०० सेकंद. रोज ८६० मीटर हवे असतील तर टॅक्ट ३० सेकंदांचा. मीटर जोडायला लागणारे एकूण काम ३३६ सेकंदांचे, स्टेशने बारा.

१. सरासरीने कोणीच काम करत नाही

बेसमध्ये टर्मिनल ब्लॉक बसवून चार स्क्रू मारायचे, एवढेच काम असलेले एक स्टेशन घ्या. वरून लटकणारा इलेक्ट्रिक स्क्रूड्रायव्हर खाली ओढायचा, बिटच्या चुंबकावर स्क्रू उचलायचा, भोकावर टेकवायचा, क्लच सुटल्याचा ‘टक’ आवाज आला की पुढचा. दहा नग मोजले, सरासरी २८ सेकंद आली, कागदावर २८ लिहिले गेले. मोजणारा निघून गेल्यावर एका स्क्रूची खाच अर्धवट निघते आणि बिट घसरते. बेसची नवी बॅच येते, तिची भोके किंचित अरुंद असतात, चौथा स्क्रू तिरका जातो आणि उलटा काढून पुन्हा मारावा लागतो. ट्रेमध्ये ब्लॉक उलटे रचलेले येतात, एकेक फिरवून घ्यावा लागतो. असे काही झाले की ३३ सेकंद लागतात. काही नडले नाही तर सरावलेला हात २३ सेकंदांतच मोकळा होतो. २८ ही वेळ कागदावरच राहते.

आता समजा, बाराही स्टेशनांची सरासरी २८ आहे आणि प्रत्येक जण निम्म्या वेळा २३, निम्म्या वेळा ३३ सेकंद घेतो. आलेखावर ही लाइन शंभर टक्के बॅलन्स आहे आणि टॅक्टच्या दोन सेकंद आत आहे. पण सगळ्यांचे झाल्यावरच कन्व्हेयर पुढे सरकणार असेल, तर लाइनचा वेग बारा जणांपैकी त्या क्षणी सर्वांत मागे पडलेला माणूस ठरवतो. बाराही जणांना एकाच वेळी २३ सेकंद लागण्याची शक्यता ४,०९६ मध्ये एक. म्हणजे लाइन जवळजवळ प्रत्येक वेळी ३३ सेकंदांनी सरकते आणि दिवसाला ८६० ऐवजी सुमारे ७८२ मीटर निघतात. कोणी आळस केलेला नाही, कोणी चुकलेले नाही, तरी ७८ मीटर कमी. मुंबईची लोकल वेळेआधी सुटत नाही, पण तिला झालेला उशीर मागच्या गाड्यांना लागतो. लाइनचेही तसेच आहे : वाचलेले पाच सेकंद पुढे जात नाहीत, हरवलेले पाच सेकंद मात्र सगळ्यांच्या हिशेबात येतात.

दोन स्टेशनांमध्ये दोन-तीन मीटर थांबू शकतील एवढी जागा दिली, तर यातला बराचसा तोटा भरून निघतो. जलद झालेला नग पुढे जाऊन बसतो आणि मागच्याला उशीर झाला तरी पुढच्याचे हात चालू राहतात. ही जागा म्हणजे सवडच. आलेखावर ती कुठेच दिसत नाही, कारण आलेखात फक्त सरासरी असते. या प्रश्नाची गणिती मांडणी साल्व्हेसन यांनी १९५५ मध्ये केली, त्यानंतर शेकडो पद्धती निघाल्या. पण अभ्यासक्रमात शिकवली जाणारी मूळ मांडणी प्रत्येक कामाचा वेळ ठाम धरते. गणित सुटावे म्हणून धरलेली ती सोय शॉप फ्लोअरवर येईपर्यंत सत्य होऊन बसली.

२. वाटणीचे श्रेय वाटणीला किती?

लाइनचा इतिहास सांगताना श्रेय नेहमी कामाच्या तुकड्यांना दिले जाते. फोर्डचे आकडे वेगळे बोलतात. १९१३ मध्ये हायलंड पार्क कारखान्यात लाइनचा जो पहिला गाजलेला प्रयोग झाला, तो फ्लायव्हील मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनातल्या ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या भागावर. एक कामगार अख्खा मॅग्नेटो एकट्याने जोडत असे तेव्हा सुमारे २० मिनिटे लागत. काम २९ भागांत वाटल्यावर वेळ १३ मिनिटे १० सेकंदांवर आला. पुढच्या वर्षी लाइनची उंची आठ इंचांनी वाढवली, आणि तोच वेळ ७ मिनिटांवर उतरला. मग वेगात फेरफार करत तो ५ मिनिटांवर नेला.

टक्क्यांत पाहिले तर वाटणीने वेळ सुमारे एकतृतीयांश घटला. नंतरच्या पायरीने, जिथे ठळक बदल फक्त उंचीचा होता, उरलेल्या वेळातला जवळपास निम्मा गेला. कामगाराला कमरेत वाकावे लागत नव्हते, एवढाच फरक. आलेखाच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या सुधारणेने खांब सारखे केले आणि दुसरीने सगळेच खांब खाली आणले. आज बॅलन्सिंगच्या नावाखाली चालणारी बहुतेक मेहनत पहिल्या प्रकारची असते, कारण ती टेबलावर बसून करता येते. दुसऱ्या प्रकारासाठी लाइनवर उभे राहून पाहावे लागते : बिन किती लांब आहे, वायर कोणत्या बाजूने येते, ट्रे उलटा का येतो.

याच कारखान्यातला दुसरा आकडाही विसरू नये. १९१३ या एका वर्षात तिथे कामगार सोडून जाण्याचे प्रमाण ३७० टक्के होते. जानेवारी १९१४ मध्ये पाच डॉलर रोजाची घोषणा झाली, तिच्यामागे हे एक मोठे कारण होते. लाइनने हिरावलेली सवड फोर्डला पगाराच्या रूपाने विकत घ्यावी लागली.

३. यंत्रांची लाइन : सवड कुठे चालते, कुठे नाही

‘माणसे चढउतार करतात, यंत्रे नाही, तेव्हा यंत्रांची लाइन तरी पूर्ण बॅलन्स करता येईल’ असे वाटणे साहजिक आहे. मीटरचा बोर्ड जिथे जन्मतो ती एसएमटी लाइन, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावर सुटे भाग बसवणारी लाइन, पाहा : सोल्डर पेस्टचा प्रिंटर, पेस्टची तपासणी, दोन-तीन प्लेसमेंट मशीन, रीफ्लो ओव्हन, शेवटी कॅमेऱ्याची तपासणी. इथे बॅलन्सिंग म्हणजे कोणत्या मशीनवर कोणती रील लावायची याची वाटणी. सॉफ्टवेअर ती क्षणात करून देते. पण ती त्या एका बोर्डापुरती असते.

हिशेब करू. एका बोर्डासाठी खास वाटणी केली तर ४० सेकंदांना एक बोर्ड निघतो. चार-पाच प्रकारच्या बोर्डांना मिळून चालेल अशी कायमची मांडणी केली तर तोच बोर्ड ४४ सेकंद घेतो, कारण एक मशीन थोडे जास्त राबते आणि दुसरे थोडे थांबते. खास मांडणीचा चेंजओव्हर ४५ मिनिटांचा. कायमच्या मांडणीत फक्त स्टेन्सिल आणि प्रोग्रॅम बदलायचा, १० मिनिटे. २०० बोर्डांच्या लॉटमध्ये खास मांडणीने ८०० सेकंद, म्हणजे सुमारे सव्वातेरा मिनिटे वाचतात आणि त्यासाठी ३५ मिनिटे जास्त खर्च होतात. ५२५ बोर्डांच्या खालच्या प्रत्येक लॉटला ‘बॅलन्स’ लाइन तोट्यात जाते. आपल्याकडचे कंत्राटी उत्पादन करणारे किती तरी कारखाने अशाच लहान लॉटवर जगतात, आणि तिथे थांबलेले मशीन ही कार्यक्षमतेची खूण असू शकते.

दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. सवड कुठेही ठेवून चालत नाही. पदार्थाचा स्वभाव तिची जागा ठरवतो. पेस्ट छापलेला बोर्ड फार वेळ उघडा ठेवला तर पेस्ट सुकू लागते, तिची पकड जाते. म्हणून प्रिंटरनंतर ढीग लावता येत नाही. रीफ्लो ओव्हनमधून बोर्ड काही मिनिटांत पार होतो. शिशाशिवायची नेहमीची सोल्डर २१७ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागते, आणि त्यावरच्या तापमानात बोर्डाने साधारण मिनिटभरच राहायचे असते. पुढे जागा नाही म्हणून ओव्हनचा पट्टा थांबवला तर आतले बोर्ड भाजले जातात. म्हणजे ओव्हनच्या पुढची जागा नेहमी रिकामी असायला हवी. तिथले मॅगझिन भरलेले दिसले तर लाइन जोरात आहे असे समजू नये. ती अडायच्या बेतात आहे.

यातून निघणारा नियम साधा आहे. जी जागा सर्वांत अडचणीची, तिच्या आधीचा बफर, म्हणजे नग थांबवायची जागा, शक्यतो भरलेला आणि नंतरचा शक्यतो रिकामा असावा. पदार्थाने मनाई केली असेल तिथे बफर नकोच. तिथे लागून असलेल्या स्टेशनची क्षमताच वाढवून ठेवायची. सगळ्या स्टेशनांना एकच टक्केवारी लावणाऱ्याला हा फरक दिसू शकत नाही.

४. चाचणीचे स्टेशन : काम जिथे मागे वळते

बॅलन्सिंगच्या आलेखात नग डावीकडून उजवीकडे जातो आणि संपतो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये असे होत नाही. नग नापास होतो, मागे जातो, दुरुस्त होऊन पुन्हा येतो. प्रत्येक स्टेशनवर शंभरात एकच चूक होते असे धरले तरी दहा स्टेशनांनंतर शंभरातले साधारण ९० नगच पहिल्या फटक्यात पास होतात. बाकीचे दहा लाइनवर दुसऱ्यांदा काम मागतात, आणि ते काम कोणाच्याच खांबात मोजलेले नसते.

मीटरच्या बोर्डाची चाचणी ८० सेकंदांची धरू. ३० सेकंदांच्या टॅक्टला तीन फिक्स्चर, म्हणजे बोर्ड बसवून तपासायच्या जागा, पुरतात. ९० सेकंदांच्या क्षमतेवर ८० चा भार, म्हणजे ८९ टक्के. आलेखावर हे स्टेशन छान भरलेले आहे. आता दहा टक्के बोर्ड नापास होतात. चाचणीच्या पिना नीट टेकल्या नसतील असे म्हणून ऑपरेटर नापास बोर्ड पुन्हा लावतो, मग आणखी एकदा लावतो. ही सवय जवळजवळ सगळीकडे दिसते, आणि पिना झिजलेल्या असल्या तर ती चुकीचीही नसते. दोनदा फेरचाचणी आणि दुरुस्तीनंतरची एक, असे धरले की दर बोर्डामागे सरासरी १.३ चाचण्या होतात. ८० चे १०४ सेकंद झाले, क्षमता ९० ची. नापास बोर्डाची चाचणी कधी कधी लवकर थांबते हे खरे, पण बोर्ड चढवणे-उतरवणे सुटत नाही. कागदावर ८९ टक्के भरलेले स्टेशन प्रत्यक्षात लाइनचा गळा आवळते.

आणि हे हळूहळू होत नाही. रांगेचे गणित सांगते की भार ९० वरून ९५ टक्क्यांवर नेला की वाट पाहण्याचा वेळ साधारण दुप्पट होतो, आणि शंभराच्या जवळ तो बेसुमार वाढतो. बाकीच्या स्टेशनांना ९५ टक्के भरणे जितके धोक्याचे, त्याच्या कितीतरी पट चाचणीला. तरी खर्च कापायची वेळ आली की सवड म्हणून मागितलेले चौथे फिक्स्चर पहिल्यांदा कापले जाते, कारण ते ‘रिकामे बसलेले’ दिसते.

मीटरच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. कॅलिब्रेशनचा बेंच वीस किंवा चाळीस मीटर एकदम घेतो. मागची लाइन एकेका नगाने चालते आणि इथे एकदम वीस भरावे लागतात. तीस सेकंदांच्या टॅक्टने वीस मीटर जमायला दहा मिनिटे लागतात. ‘एकेक नगाचा प्रवाह’ असे भिंतीवर कितीही लिहिले तरी या जागी साठा होणारच. प्रश्न एवढाच, की तो ठरवून दिलेल्या, नंबर घातलेल्या रॅकवर होतो की जागा मिळेल तिथे.

५. हजेरीपट आणि माणूस

बारा स्टेशनांचा आराखडा बारा माणसे गृहीत धरतो. प्रत्येकाची हजेरी ९५ टक्के असेल, म्हणजे चांगलीच, तर बाराही जण एकाच दिवशी हजर असण्याची शक्यता ५४ टक्के. जवळजवळ निम्मे दिवस आराखडा पहिल्या तासालाच मोडलेला असतो. गणपतीला आणि लग्नसराईत काय होते ते प्रत्येक सुपरवायझरला ठाऊक आहे. मग दुसऱ्या लाइनवरून कोणीतरी आणला जातो, त्याला ते काम नवे असते, त्याचा खांब ४० सेकंदांचा होतो, आणि त्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये कारण लिहिले जाते ‘मॅनपॉवर’. खरे कारण आराखड्यात होते : अकरा आणि दहा माणसांवर लाइन कशी चालवायची, हे आधी लिहून ठेवलेलेच नव्हते.

माणसाचा दुसरा पैलू हॉथॉर्नच्या अभ्यासाने दाखवला. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यात १९३१-३२ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजचे स्विच जोडणाऱ्या चौदा पुरुषांचे निरीक्षण केले गेले : नऊ वायरमन, तीन सोल्डरमन, दोन तपासनीस. जास्त कामाला जास्त पैसे अशी योजना होती. तरी गटाने दिवसाचे काम किती हे आपापसांत ठरवले होते. त्याहून वेगात करणाऱ्याची टर उडवली जाई, मागे पडणाऱ्यालाही टोमणे बसत. एखाद्या दिवशी जास्त झालेले काम कमी झालेल्या दिवसासाठी राखले जाई. नियमात बसत नसतानाही माणसे कामाची अदलाबदल करत, एकमेकांना हात देत.

या प्रसंगाचा नेहमीचा अर्थ ‘कामगार उत्पादन दाबून ठेवतात’ असा लावला जातो. मला त्यात दुसरेच दिसते. व्यवस्थापनाने सवड दिली नाही, म्हणून गटाने स्वतःची बनवली : चढउतार भरून काढायला साठा राखला आणि अडलेल्या स्टेशनला माणूस पुरवला. हुशार इंजिनिअरने जे आराखड्यात लिहायला हवे होते तेच त्यांनी न लिहिता केले. फरक इतकाच, की लपवलेली सवड मोजता येत नाही, सुधारता येत नाही, आणि तिच्यामुळे स्टॉपवॉचचा प्रत्येक आकडा संशयास्पद होतो. आज टाइम स्टडी करणारा आला की हात मंदावतात, त्याचे मूळ इथे आहे. वाचवलेले सेकंद लगेच नवे काम होऊन अंगावर येणार असतील तर ते कोण दाखवील?

६. सवड ठेवायच्या जागा

हॉप आणि स्पिअरमन यांनी १९९६ च्या ‘फॅक्टरी फिजिक्स’ या पुस्तकात एक गोष्ट ठामपणे मांडली : चढउताराची किंमत तीनच प्रकारे भरता येते. मालाचा साठा ठेवून, क्षमता जास्त ठेवून, किंवा गिऱ्हाइकाला थांबवून. कोणता प्रकार निवडायचा एवढेच आपल्या हातात आहे. बिल टळत नाही. त्यावरून मीटरच्या लाइनसाठी काही नियम असे निघतात.

पहिला, लाइनचा वेग कोणते स्टेशन ठरवणार ते आपण निवडावे. महागडे, सहज न वाढवता येणारे यंत्र ही त्यासाठी नैसर्गिक जागा. मीटरमध्ये कॅलिब्रेशन बेंच. बाकी सगळी स्टेशने त्याहून थोडी जलद असावीत. तिथे उरणारे सेकंद बेंच उपाशी राहू नये यासाठी खर्च होतात, म्हणून ते वाया जात नाहीत.

दुसरा, बफर मोजून द्यावा आणि त्याला कमाल मर्यादा असावी. चार मीटरची जागा आखली तर पाचवा तिथे ठेवता येऊ नये.

तिसरा, बारा जणांमागे एक रिलीव्हर असावा, ज्याला किमान सहा-सात स्टेशनांची कामे येतात. बारा खांबांत वाटलेले दोन-दोन सेकंद कोणाच्याच कामी येत नाहीत. तेच एका माणसात गोळा केले की अडलेल्या जागी नेता येतात. सगळ्यांत विखुरलेली सवड ही नसल्यासारखीच.

चौथा, मधल्या स्टेशनांना थोडे कमी काम द्यावे. हिलिअर आणि बोलिंग यांनी १९६६ मध्ये दाखवले की वेळ अनिश्चित असेल तर कडेच्या स्टेशनांना किंचित जास्त आणि मधल्यांना किंचित कमी काम दिलेली लाइन सारख्या वाटणीच्या लाइनपेक्षा जास्त माल काढते. मधल्या स्टेशनला मागून माल न येण्याचा आणि पुढे जागा नसण्याचा, दोन्ही त्रास सोसावे लागतात. फायदा लहान असतो, पण त्याने एक मुद्दा कायमचा निकालात निघतो : सारखी वाटणी ही सर्वोत्तम वाटणी असतेच असे नाही.

७. आक्षेप आणि उत्तरे

‘इलेक्ट्रॉनिक्समध्ये नफा इतका पातळ असतो की एक जादा माणूसही परवडत नाही.’ तेरावा माणूस पगारपटावर दिसतो. रोज न निघालेले ७८ मीटर कुठल्याच पटावर दिसत नाहीत. ते भरून काढायला केलेला ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे दुप्पट दराने पडतो, आणि तो वेगळ्या खात्यात जातो. एका खात्यात काटकसर दिसते म्हणून दुसऱ्यातला खर्च थांबत नाही. दोन्ही एका कागदावर मांडून पाहावे. काही लाइनींवर तेरावा माणूस खरोखरच परवडणार नाही, पण तो निष्कर्ष हिशेबातून यावा.

‘बफर दोष झाकतो, टोयोटाने साठा काढून टाकला म्हणूनच त्यांचे दोष उघडे पडले.’ अमर्याद साठा दोष झाकतो, हे निःसंशय. पण कानबान ही मर्यादा घातलेला साठा ठेवण्याचीच पद्धत आहे. शिवाय टोयोटाने अनेक वर्षे दोन शिफ्टांच्या मध्ये काही तासांचे अंतर ठेवले होते. त्यात मेंटेनन्स होई आणि राहिलेले काम पुरे होई. लाइन थांबवण्याची दोरी कामगाराच्या हातात देता आली, कारण थांबलेला वेळ भरून काढायला जागा होती. आपल्याकडे दोरीची नक्कल झाली, अंतराची झाली नाही. तीन शिफ्ट सलग चालवून वर अँडनचा, म्हणजे अडचण कळवायचा, दिवा लावला की तो दिवा कोणी पेटवत नाही.

‘कन्व्हेयरच काढा, एका माणसाला किंवा छोट्या गटाला पूर्ण नग जोडू द्या.’ हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. १९९० च्या दशकात सोनी, कॅनन यांसारख्या जपानी कंपन्यांनी अनेक ठिकाणी लांब लाइनी मोडून छोटे सेल उभारले. प्रकार अनेक आणि संख्या कमी असेल तिथे ते योग्यच. बारा माणसे एकमेकांना अडवत नाहीत, तर बॅलन्सचा प्रश्नच लहान होतो. पण त्यासाठी माणूस टिकावा लागतो आणि त्याला पूर्ण काम शिकवावे लागते. काही महिन्यांच्या कंत्राटावर आलेल्या मुलांकडून ते होणार नाही. म्हणजे तिथेही सवड लागतेच. ती शिकवण्याच्या वेळात खर्च होते.

‘रोबो आले की चढउतार संपेल.’ हाताचा चढउतार कमी होईल. फीडर अडकणे, नोझल बुजणे, रील संपणे, पुरवठादाराच्या मालातला फरक हे उरतील. माणूस अडला तर पाच सेकंद जातात. यंत्र अडले तर टेक्निशियन येईपर्यंत लाइन उभी. चढउतार बारीक आणि वारंवार असतो तो मोठा आणि क्वचित होतो, आणि मोठ्या, क्वचित थांबण्याला लागणारा बफरही मोठा असतो.

‘मोकळीक दिली की कामगार ढिले पडतात.’ रिलीव्हर, आखलेला बफर, लिहून ठेवलेला अकरा माणसांचा आराखडा, यांत ढिलाईला जागा कुठे आहे? ढिलाई लपवलेल्या सवडीत असते, आणि ती आजच्या पद्धतीतच सर्वांत जास्त पोसली जाते.

८. निर्णय कुठे होतो

एवढे सगळे कळूनही लाइनी तशाच का बांधल्या जातात? कारण सवड शॉप फ्लोअरवर कापली जात नाही. ती कोटेशनच्या टेबलावर आधीच कापलेली असते. कंत्राटी उत्पादनाचा भाव ठरवताना एकूण कामाचे सेकंद आणि दर सेकंदाची मजुरी यांचा गुणाकार मांडला जातो, आणि गिऱ्हाइकाची खरेदी त्यातली प्रत्येक ‘अलाउन्स’ची ओळ खोडत जाते. भाव मिळतो तो ३३६ सेकंदांचा. मग लाइन इंजिनिअरला शंभर टक्क्यांचा आलेख काढण्यावाचून मार्ग उरत नाही, आणि त्याच्याकडून तो काढून घेणाऱ्यालाही तो खोटा आहे हे माहीत असते.

२०२० पासून उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहन योजनांमुळे देशात इलेक्ट्रॉनिक्सची जुळणी वेगाने वाढत आहे. प्रोत्साहन वाढीव विक्रीवर मिळते, म्हणून वेगाचा आग्रह आणखी वाढणार. अशा वेळी बदलायची गोष्ट लहान आहे, पण ती भिडस्तपणे होणार नाही. कोटेशनमध्ये चढउताराची ओळ उघड लिहावी : रिलीव्हरचा हिस्सा, जादा फिक्स्चर, फेरचाचणीचे सेकंद, पहिल्या फटक्यात पास होणाऱ्या नगांचे गृहीत धरलेले प्रमाण. गिऱ्हाइकाने घासाघीस जरूर करावी. पण ती या आकड्यांवर करावी, आणि ज्याने ओळ खोडली त्याने उशिरा आलेल्या मालाचा वाटा उचलावा. कारखान्यातही व्यवस्थापकाने बॅलन्सची टक्केवारी विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : या लाइनचा वेग कोणते स्टेशन ठरवते, ते आपण निवडले की आपोआप झाले, आणि आज एक माणूस आला नाही तर काय करायचे हे कुठे लिहिले आहे?

या तिन्हींची उत्तरे लाइन लीडरला तोंडपाठ असतील तर ऐंशी टक्क्यांची लाइनही वेळेवर माल देते. नसतील तर शंभर टक्क्यांच्या लाइनचा फरक शेवटी कोणीतरी भरतोच. बहुतेक वेळा तो भरणारा कोटेशनच्या टेबलावर कधी बसलेला नसतो.